ताटाजवळचे वैयावृत्त्य

एका घराची कल्पना करावी. पर्युषणात घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीने अठ्ठाई केली आहे. साता विचारायला येणाऱ्या साधर्मिकांची दारात वर्दळ आहे, आजीला धन्य वाटते आहे, मामांनी प्रभावना ठरवली आहे. पारण्याच्या सकाळी मुगाचे पाणी पुढे येते; ती दोन घोट घेते आणि वाटी बाजूला सारते. ‘आठ दिवसांनी पोट आक्रसते, हळूहळू खाईल,’ असे सगळे म्हणतात. पंधरा दिवसांनी ती आयंबिल धरते. मग एकासणी सुरू होतात. तूप सुटते, साखर सुटते, पोळी अर्ध्यावर येते. घरचे कौतुकाने म्हणतात, ‘एवढ्या लहान वयात केवढे हे वैराग्य!’ दिवाळीचे कपडे शिवायला टाकताना शिवणाऱ्या बाई माप घेतात आणि टेप हातात धरून आईकडे पाहत राहतात.

त्या दिवशी आईला एकेक गोष्ट उमगू लागते. भर दुपारी मुलगी स्वेटर घालते. कंगव्यात केसांचे पुंजके येतात. तीन महिने पाळी आलेली नाही. दिवसातून चार वेळा ती वजनकाट्यावर उभी राहते. खोलीचे दार लावून रात्री उशिरापर्यंत उड्या मारण्याचा आवाज येतो. शाळेचा डबा रिकामा येतो, पण तो मैत्रिणींनी संपवलेला असतो. घरच्यांसाठी मात्र ती हौसेने नवनवे पदार्थ करते आणि स्वतः एक घासही घेत नाही.

हे घर कल्पनेतले असले, तरी अशी घरे नवलाची नाहीत. अठ्ठाईने हा आजार निर्माण केला, असे म्हणता येत नाही. त्याच पर्युषणात तिच्या वयाच्या कितीतरी मुलामुलींनी तप केले आणि पारण्यानंतर ती आनंदाने जेवली. परंतु ज्या मुलात या आजाराचे बीज आधीच असते, त्याच्या बाबतीत कोणत्याही कारणाने झालेली वजनातील घट त्या बीजाला पाणी घालू शकते. मग ती घट उपवासाने होवो, तापाने होवो, खेळाच्या सरावाने होवो की बारीक दिसण्याच्या हट्टाने होवो. या आजाराचे नाव अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. मनोविकारांमध्ये ज्यांचा मृत्युदर सर्वाधिक आहे, अशा आजारांत त्याची गणना होते. तो मुलींमध्ये अधिक आढळतो. मात्र मुलगे त्यापासून मुक्त नाहीत, आणि मुलग्यांकडे घरच्यांचे लक्ष उशिरा जाते.

भुकेने बदललेले मन

‘समजूतदार मुलगी आहे, नीट सांगितले तर खाईल,’ या भरवशावर पालक पुष्कळ आठवडे घालवतात. समजावणे का अपुरे पडते, याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात मिळते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांचा अभ्यास केला. युद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकाने नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने आले होते. २४ आठवडे त्यांना गरजेच्या सुमारे निम्मा आहार देण्यात आला आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. धडधाकट मनाची ही माणसे चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, उदास झाली. ती दिवसभर अन्नाविषयीच बोलू लागली, पाककृतींची पुस्तके जमवू लागली, एकेका ताटावर तासन् तास रेंगाळू लागली. पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही त्यांची मने पूर्ववत व्हायला पुष्कळ महिने लागले.

यातून निघणारा बोध पालकांसाठी मोलाचा आहे. उपाशी शरीरातील मन उपासमारीच्या नियमाने चालते. आजारी मुलगी खोटे बोलते, डबा लपवते, आईवर ओरडते, ते तिचे संस्कार बुडाले म्हणून नव्हे. तिच्या वतीने आजार बोलत असतो. म्हणून प्रथम विचार पालटावा आणि मग मुलगी जेवेल, ही अपेक्षा उलटी आहे. प्रथम शरीराला अन्न मिळावे लागते. विचार त्यामागून, सावकाश, पालटतात.

लंडनमध्ये झालेला बदल

हा आजार नवा नाही. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव १८७३-७४ च्या सुमारास लंडनचे वैद्य सर विल्यम गल यांनी रूढ केले. अशा रुग्णांची देखभाल करण्यास नातलग हे सर्वांत अयोग्य, असे त्यांचे मत होते. त्याच काळात पॅरिसमध्ये शार्को हे प्रख्यात वैद्य अशा मुलींना आईवडिलांपासून दूर ठेवण्याचा आग्रह धरत. पुढे जवळजवळ शंभर वर्षे हीच धारणा कमी-अधिक प्रमाणात टिकली. मुलीला रुग्णालयात ठेवावे, पालकांना बाजूला सारावे, आणि शक्यतो दोषही त्यांच्याच माथी मारावा.

या धारणेला छेद मिळाला तो लंडनमध्येच. मॉड्स्ली रुग्णालयात प्राध्यापक जेराल्ड रसेल यांच्या विभागात परिचारिका रुग्णाजवळ प्रत्येक जेवणाला बसत. त्या न रागावता, न कंटाळता, ताट संपेपर्यंत सोबत करत. त्या सोबतीने वजन वाढे. पण घरी परतल्यावर पुष्कळ मुली पुन्हा खाली घसरत. तेव्हा साधा प्रश्न उभा राहिला : परिचारिकेला जे साधते, ते आईवडिलांना शिकवता येणार नाही काय? आयव्हन आयस्लर आणि क्रिस्टोफर डेअर या सहकाऱ्यांनी हा धागा पुढे नेला. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ८० रुग्ण होते. ज्यांचा आजार किशोरवयात सुरू झाला होता आणि ज्याला तीन वर्षे उलटलेली नव्हती, त्यांना एकट्याने घेतलेल्या उपचारापेक्षा कुटुंबासह घेतलेल्या उपचाराचा अधिक लाभ झाला. पाच वर्षांनंतर पाहिले, तेव्हाही हा फरक दिसत होता.

अमेरिकेत जेम्स लॉक आणि डॅनियल ल ग्रांज यांनी सहकाऱ्यांसह २००१ साली या पद्धतीची रीतसर पुस्तिका सिद्ध केली. आज तिला कुटुंबाधारित उपचार म्हणतात. २०१० साली त्यांनी १२१ किशोरवयीन रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार संपल्यानंतर वर्षभराने कुटुंबाधारित उपचार घेतलेल्यांपैकी ४९ टक्के पूर्ण बरे होते. एकेकट्याने उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. हे आकडे आशा देतात आणि सावधही करतात. निम्म्या मुलांना आणखी काळ किंवा वेगळी मदत लागतेच. तरीही किशोरांसाठी याहून भक्कम आधार असलेला उपचार सापडलेला नाही. ब्रिटनच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही मुलांसाठी कुटुंबासह उपचारालाच पहिले स्थान आहे.

तीन टप्पे

या उपचाराचा पाया असा की आजाराचे कारण शोधत बसू नये. ‘आईचे चुकले, की बाबांचे, की शाळेचे?’ हा प्रश्न उपचारक बाजूला ठेवतात. पालक कारण आहेत असे ते मानत नाहीत. पालक हे औषध आहेत, असे मानतात. दुसरी गोष्ट, मुलगी आणि तिचा आजार यांना वेगवेगळे पाहायला ते कुटुंबाला शिकवतात. राग करायचा तो आजाराचा, मुलीचा नव्हे.

पहिल्या टप्प्यात काय, किती आणि केव्हा खायचे, हा निर्णय पूर्णपणे आईवडील हाती घेतात. आठवड्यातून एकदा सर्व कुटुंब उपचारकाकडे जाते आणि तेथे मुलीचे वजन घेतले जाते. दुसऱ्या भेटीला कुटुंबाने घरचे जेवण सोबत न्यायचे असते. उपचारकासमोर सर्वजण जेवतात, आणि मुलीने तिच्या मनात होते त्यापेक्षा एक घास अधिक घ्यावा, एवढ्यासाठी आईवडिलांना साहाय्य केले जाते. त्या एका घासाला कधी तास लागतो. पण तो पोटात गेला की पालकांना प्रथमच कळते की हे आपल्याला जमते.

घरी परतल्यावर तीन जेवणे आणि मधली दोन-तीन खाणी, प्रत्येक वेळी कोणीतरी मोठे माणूस शेजारी बसलेले. आईने बोलायचे ते थोडे आणि तेच तेच : ‘तुला किती भीती वाटते आहे ते मला दिसते आहे, बाळा. तरी एवढी वाटी संपवायची आहे. मी इथेच बसले आहे.’ वाद घालायचा नाही, सौदा करायचा नाही, धमकी द्यायची नाही, मारायचे तर नाहीच. ताटाशी वजनाचा किंवा कॅलरीचा उच्चारही नको. भावंडांकडे पहारेकऱ्याचे काम द्यायचे नाही. धाकट्या भावाने जेवणानंतर ताईशी पत्त्यांचा डाव मांडावा, एवढी त्याची सेवा पुरेशी आहे.

वजन बऱ्यापैकी सावरले आणि ताटावरची झुंज ओसरली की दुसरा टप्पा येतो. जे हाती घेतले होते, ते हळूहळू मुलीला परत द्यायचे. आधी शाळेतले मधल्या सुट्टीचे खाणे तिने स्वतः खावे, मग ताट स्वतः वाढून घ्यावे, मग मैत्रिणीकडे जेवायला जावे. घसरण दिसली तर पालकांनी पुन्हा एक पाऊल पुढे यावे. तिसऱ्या टप्प्यात अन्नाचा विषय मागे पडतो. आजाराने अडवून ठेवलेले वय, अभ्यास, मैत्री, स्वातंत्र्य यांविषयी बोलणे होते. हे सर्व साधारण सहा महिने ते वर्षभरात, सुमारे वीस भेटींत घडते.

येथे एकत्र कुटुंबांनी विशेष सावध राहावे. आई ताट संपवायला सांगते आणि आजी मायेने म्हणते, ‘राहू दे ग, नको तिच्या मागे लागू,’ तर त्या फटीतून आजार निसटतो. काकूंनी सहज म्हटलेले ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ घातक असतेच. पण बरी होत असताना म्हटलेले ‘आता तब्येत भरली हो’ हेही तिच्या कानांना ‘जाड झालीस’ असे ऐकू येते. म्हणून सर्व वडीलधाऱ्यांनी मुलीच्या माघारी एकत्र बसावे, एक निर्णय घ्यावा, आणि तिच्यापुढे एकच स्वर असू द्यावा. आईवडिलांपैकी एकच घरात असेल, तरी हा उपचार साधतो. त्या एकाच्या पाठीशी आत्या, मावशी किंवा आजोबा उभे राहिले म्हणजे झाले.

तप आणि आजार

जैन घरात या उपचाराला एक निराळा पेच पडतो. मुलगी म्हणते, ‘माझे पच्चक्खाण आहे,’ आणि आईचा हात थबकतो. व्रत मोडायला लावणे हे पाप नव्हे काय? इच्छेविरुद्ध खाऊ घालणे ही हिंसा नव्हे काय?

तप आणि आजार यांतील भेद जाणत्या डोळ्यांना दिसतो. तप करणारा गुरूंसमोर उघडपणे पच्चक्खाण घेतो, आजार लपवतो. तपात अन्नावरची आसक्ती उतरते. आजारात मन रात्रंदिवस अन्नाभोवतीच फिरते. तपस्वी देहाकडे दुर्लक्ष करतो. आजारी मूल दर तासाला आरशासमोर उभे राहते. तपाने समता वाढते. आजाराने भीती आणि संताप वाढतो. आणि सर्वांत स्पष्ट खूण पारण्याची : तपस्व्याला पारणे सहज असते, आजारी मुलाला पारण्याचेच भय वाटते. अंतिम निदान मात्र डॉक्टरांनीच करायचे.

शास्त्रात तप शक्तीनुसार करावयास सांगितले आहे. पच्चक्खाणाच्या पाठात आगार, म्हणजे अपवाद, ठेवलेले आहेत, आणि तीव्र व्याधीने समाधी ढळू लागली तर सवलत देणारा आगारही त्यांत आहे. म्हणून पालकांनी मुलीच्या आधी गुरुमहाराजांकडे जावे आणि आजाराची सर्व हकिगत त्यांच्या कानी घालावी. बरे होईपर्यंत उपवास, आयंबिल वा एकासणे यांचे पच्चक्खाण तिला देऊ नये, ही विनंती करावी. गुरुमुखातून ‘तुझे सध्याचे तप म्हणजे औषध घेणे’ असे आले, तर आजाराच्या हातातले सर्वांत मोठे शस्त्र गळून पडते.

बाह्य तपाचे सहा प्रकार आपल्याला पाठ असतात, कारण ते दिसतात. आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, आहे. आणि ज्यांची सेवा करावी अशा दहांमध्ये ‘ग्लान’ म्हणजे रुग्णाचा स्पष्ट उल्लेख आहे. तो विचार साधुसंघाच्या संदर्भातला असला, तरी त्याचा भाव गृहस्थालाही दिशा देतो. क्रोध न येऊ देता दिवसातून सहा वेळा आजारी लेकराच्या ताटाजवळ बसणे, त्याचे कठोर शब्द ऐकून घेणे आणि पुन्हा तोच घास पुढे करणे, यात हिंसा कोठे आहे? तापाने फणफणलेल्या बाळाला कडू औषध पाजणारी आई हिंसा करत नसते.

आहाराच्या मर्यादा सांभाळूनही हा उपचार करता येतो. कंदमुळे वर्ज्य ठेवून दूध, तूप, पनीर, शेंगदाणे, तीळ, बदाम, खजूर, डाळी, ज्वारी-तांदूळ यांतून भरपूर शक्ती मिळते. तूप वाटीत वेगळे ठेवू नये, वरणातच घालावे. सूर्यास्तापूर्वी सर्व खाणी बसवायची, तर सकाळ लवकर सुरू करावी लागेल. तसे बसत नसेल, तर डॉक्टर आणि गुरुमहाराज या दोघांचा सल्ला घेऊन मार्ग काढावा. आजारपणात नियमाचा विचार त्यांच्यावर सोपवावा, मुलीवर नव्हे.

विलंब नको

पुढील लक्षणे दिसल्यास घरच्या उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे : भोवळ येणे, नाडी फार मंद होणे, छातीत धडधड, हातपाय सतत थंड पडणे, पाणीही नाकारणे, वारंवार उलट्या काढणे, जीव देण्याची भाषा. उलट्यांमुळे रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाला धोका पोहोचतो. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न दिल्यानेही रक्तातील फॉस्फेटसारखे क्षार धोकादायक रीतीने उतरू शकतात. म्हणून आहार वाढवण्याचा आरंभ वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावा. ज्या घरात मुलाचा छळ किंवा मारहाण होते, तेथे ही पद्धत योग्य ठरत नाही. तेथे मुलाची सुरक्षितता प्रथम.

आपल्याकडे या पद्धतीचे शिक्षण घेतलेले उपचारक मोजके आहेत. तरीही बालरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ हे तिघे एका विचाराने चालले आणि पालक केंद्रस्थानी राहिले, तर पुष्कळ साधता येते. कोठे जावे हे उमगत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. लाजेपोटी झालेला उशीर महाग पडतो. हा आजार जितका नवा, तितका तो लवकर मागे हटतो.

त्या कल्पनेतल्या घरात पुढचे पर्युषण आले आहे, असे समजावे. मुलगी अजून पूर्ण बरी नाही. चार दिवस बरे जातात, एखादा कठीण येतो. या वर्षी तिने उपवास केलेला नाही. सकाळी दूध आणि थालीपीठ खाऊन ती आईसोबत व्याख्यानाला जाते, सामायिक करते, दुपारी पाठशाळेतल्या लहान मुलांना गोष्टी सांगते. कोणी विचारले, ‘यंदा तुमच्याकडे काय तप?’ तर आई हसून म्हणते, ‘यंदा स्वाध्याय.’ वर्षभर त्या माउलीने रोज सहा वेळा जे केले, त्याची पत्रिका निघाली नाही की वरघोडा निघाला नाही. संध्याकाळी सूर्य कलायच्या आत मुलगी स्वतःच्या हाताने ताट वाढून घेते, आणि आई सवयीने पाट ओढून तिच्याशेजारी बसते.